डॉ. बोरसे मुद्दाम पडतात

“माणूस भर बाजारात पडला ना, तर लोक त्याला ओलांडून मेथीची जुडी घ्यायला जातात! आणि हे मी सिद्ध करून दाखवणार!” डॉ. हिलाल बोरसे यांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. त्या दणक्यानं सुनंदा मॅडमच्या कपातला चहा बशीत उतरला.

सुनंदा मॅडम विभागप्रमुख. त्यांनी बशीतला चहा शांतपणे परत कपात ओतला आणि म्हणाल्या, “करा की सिद्ध. फक्त मुलाखतीच्या आधी करा.”

खरी गोम तिथेच होती. जळगावच्या विद्यापीठात बोरसेसर मानसशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. केस गेले, पण हुद्दा जिथल्या तिथे! सहायक प्राध्यापक. त्यांच्याकडे शिकून गेलेली पोरं दुसरीकडे असोसिएट प्रोफेसर झाली आणि परिसंवादात त्यांनाच “या सर, बसा” म्हणून खुर्ची देऊ लागली. दर मुलाखतीत बाहेरून आलेले तज्ज्ञ एकच प्रश्न विचारायचे, “तुमचं स्वतःचं असं नवीन संशोधन काय?” आणि बोरसेसर छताच्या पंख्याकडे बघायचे. सासुरवाडीला सोनगीरला जावं, तर सासरे धनसिंग नाना पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायचे, “जवाईबापू, व्हयनं का परमोशन?” या वेळीही हुकलं तर आपण सहायक म्हणूनच रिटायर होणार, या धास्तीनं सरांची झोप उडाली होती.

आणि अशात त्यांना तो सिद्धांत सापडला. परदेशातल्या जाड पुस्तकांत म्हटलंय, की पडलेल्या माणसाभोवती जितकी गर्दी जास्त, तितकी मदत कमी. कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी उचलेल! आता हे खानदेशात कोणी तपासलं होतं? कोणीच नाही! पडायचं, गंमत बघायची, लिहून काढायचं आणि असोसिएट प्रोफेसर व्हायचं. इतकं सोपं!

धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात सरांचा जुना मित्र डॉ. फैसल मनोविकारतज्ज्ञ होता. त्याला प्रकल्पात सामील करून घेतलं. सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी सदफ निरीक्षक झाली. पोरगी भलती काटेकोर.

“सर, एथिक्स कमिटीची अट लक्षात आहे ना? प्रयोग संपला की मदत करणाऱ्या प्रत्येकाला खरं काय ते सांगायचं.”

“अगं, मदत कोणी करणारच नाहीये. सांगायचं कोणाला?” सर हसले.

जागाही विचार करून निवडली. जळगावात विद्यार्थी ओळखतात. सोनगीरला तर सासुरवाडीच. म्हणून दूर पश्चिमेला, साक्रीचा आठवडे बाजार! तिथे आपलं चिटपाखरू ओळखीचं नाही, याची सरांना पक्की खात्री होती.

पडण्याचं काम खरं म्हणजे नाट्यविभागातल्या पुना नावाच्या पोराचं होतं. पण लग्नसराई! पुना एका हळदीत बॅन्जोच्या पुढे नाचायला गेला आणि तिकडे पाय मुरगळून खरंच पडला.

“आता काय करायचं सर?”

“मी पडतो! त्यात काय शिकायचंय? माणूस जन्मल्यापासून पडतोच आहे.”

सरांनी बाह्या उसवलेला जुना शर्ट घातला. चष्मा, मोबाइल, पाकीट, विद्यापीठाचं ओळखपत्र, सगळं सदफच्या पिशवीत ठेवलं. कोणाला शंका यायला नको! फैसल येणार होता, पण ऐन सकाळी त्याला एका केसमध्ये कोर्टात साक्षीला जावं लागलं. “मोबाइल बंद ठेवावा लागेल यार, तुम्ही उरकून घ्या,” असं म्हणून तो मोकळा झाला.

उन्हाचा नुसता जाळ होता. बाजार फुललेला. सदफ बांगड्यांच्या दुकानापाशी हातात घड्याळ घेऊन उभी राहिली. बोरसेसर कांद्याच्या ढिगाशेजारी आले, त्यांनी कपाळाला हात लावला, “आई गं!” म्हणाले आणि धाडकन पडले. डोळे मिटून मनाशी म्हणाले, आता बघा, ओलांडतात की नाही!

पाठ जमिनीला नीट टेकलीसुद्धा नव्हती, तोच कोणीतरी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

“काय व्हयनं रे?”

“पडना, पडना!”

“पानी आना! बठ्ठा सरका, वारा येऊ द्या!”

तोंडावर पाण्याचा सपकारा बसला. एकानं तळपाय चोळायला घेतले, दुसऱ्यानं दातखीळ बसली म्हणून जबड्यात बोट घातलं. कांदेवालीनं कांदा फोडून नाकापाशी धरला. “फिट असेल,” असं कोणीतरी म्हणताच एक गावठी चामडी जोडा नाकाच्या दुसऱ्या बाजूला आला. एका नाकपुडीत कांदा, दुसरीत जोडा! पण सर कसले हलतात? शास्त्रासाठी माणसांनी काय काय सोसलंय, याची उजळणी करत ते गप पडून राहिले. मनातून मात्र पार गोंधळले होते. हे सगळे थांबत का नाहीत? इतकी गर्दी आहे, एकालाही वाटत नाही का, दुसरा बघून घेईल म्हणून?

आणि मग गर्दीनं ते काम सुरू केलं, जे आपल्याकडची गर्दी हटकून करते. माणसाला काय झालंय हे नंतर. आधी माणूस कोणाचा?

“कोनता गावना शे?”

“नाक पाहा ना, कापडण्याकडलं दिसस.”

“नही, कपाळ बोरसेसनं शे.”

सरांनी डोळे आणखी घट्ट मिटले. कपाळावरून आडनाव!

कांदेवाली सुंदरबाई वाकली, तिनं सरांची हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे वळवलं आणि किंचाळलीच, “ओ माय! हाऊ ते सोनगीरना धनसिंग नानाना जवाई शे! मी याना लगनमा नाचेल शे!”

झालं! तोवर जो एक पडलेला माणूस होता, तो आता जावई झाला. आणि जावई काय एका घराचा असतो? नानांचा जावई म्हणजे नानांच्या भावकीचा जावई, भावकीचा तो तालुक्याचा, आणि तालुक्याचा तो बाजाराचा! जावई रस्त्यावर पडलाय म्हटल्यावर कांद्याचा वास कमी पडायला लागला. खाट आली. खाटेवर कोणीतरी नवीकोरी सतरंजी टाकली. दुकानदारांनी गिऱ्हाइकं सोडली. आणि सुंदरबाईनं मोबाइल कानाला लावला.

“हां, नाना! तुमना जवाई...”

बोरसेसर ताडकन उठून बसले.

“नका! नानांना फोन नका करू! मला काहीही झालेलं नाही!”

गर्दी दोन पावलं मागे सरली.

“मी पडलो नव्हतो!” सर म्हणाले.

“पडना नव्हता म्हनस!” मागच्या रांगेपर्यंत बातमी गेली.

“म्हणजे पडलो होतो, पण मुद्दाम पडलो होतो.”

“मुद्दाम पडना म्हनस!”

“अहो, मी प्राध्यापक आहे! तुमच्यावर प्रयोग चालला होता! कोणी मला उचलत नाही, हे मला दाखवायचं होतं!”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत इतकी दया होती, की सरांना रडू यायचं बाकी राहिलं.

“डोकाले मार लागेल शे,” सुंदरबाई डोळे पुसत म्हणाली. “चांगला शिकेल माणूस व्हता वं!”

“खोटं वाटत असेल तर त्या मुलीला विचारा! बांगड्यांपाशी उभी आहे, तिच्याकडे माझं ओळखपत्र आहे!”

सगळ्यांनी माना वळवल्या. पण रेटारेटीत सदफ केव्हाच मिरच्यांच्या गल्लीत ढकलली गेली होती. बांगड्यांपाशी फक्त एक शेळी उभी होती.

“हां हां, विचारतो तिला,” एक म्हातारबा सरांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. “तुम्ही उगामुगा पडी ऱ्हा.”

सरांना खाटेसकट जीपमध्ये चढवलं आणि जीप धुळ्याला निघाली. वाटेत सर जितकं खरं सांगत, तितकी गाडी जोरात जाई.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं ते थेट मनोविकार विभागात. सरांना हायसं वाटलं. फैसलचाच विभाग! पण फैसल कोर्टात. ओपीडीत बसला होता सैफ, नवा रेसिडेंट डॉक्टर. भला मुलगा, पण प्रबंधासाठी एकही वेगळी केस मिळत नव्हती म्हणून कावलेला. गाइड रोज विचारायचे आणि त्याचंही पंख्याकडे बघणं चालू होतं.

“नाव काय तुमचं?” सैफनं प्रेमानं विचारलं.

“डॉक्टर हिलाल बोरसे.”

सैफनं उसवलेल्या बाह्या बघितल्या. शर्टावरून ओघळलेला कांद्याचा रस बघितला. “डॉक्टर. अच्छा. असं कधीपासून वाटतंय?”

“वाटत नाहीये, मी आहे! मी मानसशास्त्राचा प्राध्यापक आहे!”

“बरं बरं. लोक आपल्याबद्दल बोलतायत, असा भास होतो?”

“भास कसला? अख्खा बाजार बोलत होता! माझ्या कपाळाबद्दल बोलत होता!”

सैफची लेखणी जोरात चालायला लागली. “कोणी लपून तुमच्यावर नजर ठेवतंय, असं?”

“हो! म्हणजे, माझी विद्यार्थिनी. घड्याळ घेऊन. पण मीच सांगितलं होतं तिला.”

“तुमच्यावर एखादी खास कामगिरी सोपवलेली आहे का?”

“लोकांची माणुसकी तपासायची,” सर म्हणून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना हीच लक्षणं शिकवली होती. ओळीनं सगळी जुळत होती! क्षणभर सरांनाच शंका आली. आपण खरंच मुद्दाम पडलो ना? की उन्हानं पडलो आणि मुद्दामचं नंतर सुचलं?

एवढ्यात एसटीतून धापा टाकत सदफ पोचली. “डॉक्टर, सर खरं बोलतायत! ते मुद्दाम पडले होते! मी वेळ मोजत होते!”

सैफ खुर्चीतून उठला. त्याच्या चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद होता. “दोघांना! एकच भ्रम दोघांना मिळून! अहो, हे पुस्तकातच वाचलं होतं! माझा प्रबंध झाला!”

“हे बघा ओळखपत्र!”

“ओळखपत्रसुद्धा बनवलंय!” सैफला काय लिहू आणि काय नको असं झालं. त्यानं सदफला पण शेजारी बसवलं आणि तिच्या नावानं नवा केसपेपर काढायला सांगितला.

तोवर बाहेर व्हरांड्यात सोनगीर उतरलं होतं. धनसिंग नाना, सासूबाई, चुलत सासरे, मावस मेहुणे, भाकरीची गाठोडी आणि कळण्याच्या पापडांचा डबा. जळगावहून सरांची बायको मेघा आली, ती रडून रडून डोळे सुजवूनच.

“जवाईबापू,” नानांनी त्यांचा हात धरला. “परमोशन गेलं उडत. आम्हाले तुम्ही पाहिजेत. मी रोज विचारी विचारी तुमना डोकाले तरास दिधा. चुकनं मनं.”

बोरसेसरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती वाईट वाटलं म्हणून सांगू! त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी त्यात अंगारा घातला.

संध्याकाळी फैसल कोर्टातून आला. सरांना खाटेवर, सदफला स्टुलावर आणि सैफला सातव्या आसमानात बघून तो दाराला धरून इतका हसला, की शेजारच्या वॉर्डातून ब्रदर बघायला आला. “अरे, हे माझे प्रोजेक्ट पार्टनर आहेत! खरंच मुद्दाम पडले!”

सैफनं हातातला केसपेपर हळूच टेबलावर ठेवला. बिचाऱ्याचा प्रबंध तिथेच गेला.

मग अटीप्रमाणे बोरसेसरांनी व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना खरं सांगितलं. सिद्धांत सांगितला, प्रयोग सांगितला, सहकार्याबद्दल आभारही मानले. मग नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यांना राग आला होता आणि तो ते लपवत नव्हते.

“म्हणजे जवाईबापू, आम्ही पोऱ्याबाळासकट धावत आलो, हाई तुमनं गणित व्हतं?”

“नाना, तसं नाही...”

“चला रे,” नाना म्हणाले आणि भाकरीची गाठोडी उचलून सगळं सोनगीर निघून गेलं. पापडांचा डबासुद्धा ठेवला नाही.

मेघा मागे राहिली. ती एवढंच म्हणाली, “अहो, कोणी उचलायला नको होतं ना? मग घरी पडायचं! मला वेळच नसतो.”

मुलाखत मंगळवारी होती. आणि सासूबाईंनी त्या दिवशी व्हरांड्यात रागावायच्या आधीच देवीला नवस बोलून ठेवला होता, की जावई शुद्धीवर आले तर मंगळवारी कडकडीत उपास करतील. पाणीसुद्धा नाही! नवस सासूबाईंनी बोलायचा आणि उपास जावयानं धरायचा, ही आपल्याकडची रीतच. नाना आधीच रुसलेले. त्यात नवस मोडला तर सोनगीरची वाटच बंद! सरांनी मुकाट्यानं उपास धरला आणि कोरड्या घशानं समितीपुढे जाऊन बसले.

सुनंदा मॅडम होत्या. बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ होते, एक मोठ्या मिशांचे, एक बिनमिशांचे. मिशांच्या तज्ज्ञांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा पंख्याकडे न बघता उत्तर द्यायला सुरुवात केली.

“म्हणजे गर्दी होती आणि सगळ्यांनीच मदत केली?” तज्ज्ञ म्हणाले. “मग तुमचा सिद्धांत चुकला.”

“हो, म्हणजे, खानदेशात...”

“खानदेशाचं नंतर बघू. त्यांनी तुम्हाला ओळखलं. जावई निघालात तुम्ही! अनोळखी माणसाचा प्रयोग ओळखीत झाला, म्हणजे तोही फुकट. आणि पडलात किती वेळा? एकदाच! बोरसे, यात संशोधन कुठे आहे?”

सुनंदा मॅडमनी मान खाली घातली. सरांना कळून चुकलं, गेलं! याही वेळी गेलं! “मी आलेख काढून दाखवतो,” असं म्हणत ते फळ्याकडे जायला उठले. उठले खरे, पण पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही. फळा डोळ्यांपुढे आडवा झाला, मग उभा झाला, मग काळा झाला, आणि बोरसेसर टेबलाचा कोपरा कपाळावर घेऊन सपशेल आडवे झाले. या वेळी “आई गं”सुद्धा नाही!

कोणीही हललं नाही.

“वा!” फार लांबून मिशांच्या तज्ज्ञांचा आवाज आला. “प्रात्यक्षिक!”

“किती सहज पडले नाही?” बिनमिशांचे म्हणाले. “जवळ जायचं का?”

“अहं! उठू नका! उठलात की निष्कर्ष बिघडेल!”

“तोंड पण उघडं ठेवलंय बघा. मेहनत आहे हो माणसाची.”

कपबशांचा आवाज झाला. कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला. सरांना ओरडून सांगायचं होतं, की अहो, मी खरंच पडलोय, पाणी द्या! पण ओठ हलेनात. साक्रीत नाकाशी आलेला तो जोडासुद्धा त्यांना त्या क्षणी हवाहवासा वाटला. एवढी माणसं आहेत इथे, एकालाही उठावंसं वाटू नये? त्यांना फार फार एकटं वाटलं.

चहा संपला तरी सर पडलेलेच. तेव्हा मिशांच्या तज्ज्ञांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही विभागप्रमुख. तुम्ही का नाही उठलात?”

“मला वाटलं, तुम्ही उठाल.”

“आणि मला वाटलं, हे उठतील.”

“छे, मला वाटलं, मॅडम उठतील!”

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मिशांच्या तज्ज्ञांनी टेबलावर थाप मारली. “अहो, सिद्धांत सिद्ध झाला की! आपल्यावरच करून दाखवला! बोरसे, उठा, उठा! मानलं तुम्हाला!”

टाळ्यांच्या आवाजानं सरांना शुद्ध आली. कपाळावर टरटरून टेंगूळ आलं होतं. त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण सुनंदा मॅडम म्हणाल्या, “अभिनंदन, असोसिएट प्रोफेसर बोरसे!” आणि उघडलेलं तोंड सरांनी पुन्हा मिटलं.

आता सगळं छान आहे म्हणायचं. दारावर नवी पाटी लागली. नानांनीही राग सोडला आणि पापडांचा डबा पाठवला. फक्त एक भानगड झाली आहे. मिशांच्या तज्ज्ञांनी सरांना पुढच्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत हेच प्रात्यक्षिक जसंच्या तसं करून दाखवायला बोलावलं आहे. त्यामुळे रोज वर्ग सुटले की विभागाचं दार लावून बोरसेसर फळ्यापुढे पडण्याचा सराव करतात. पुढून पडतात, मागून पडतात, टेबलाला धरून पडतात. आणि रोज सदफ मान हलवून सांगते, “नाही जमत सर. अगदी मुद्दाम पडल्यासारखं वाटतं.”